चौथं कलम आणि शेजाऱ्यांची पाटी

मीनल चौबळचं घर कधीच विकायला नव्हतं. ते आजही परदेशातल्या आमच्या मिसिसागा शहरात त्याच जागी आहे. त्यात मीनल, तिचा नवरा आणि मुलगा राहतात आणि पुढच्या खिडकीत तोच मनीप्लँट आहे. ती तासाभरावरच्या व्हिटबी गावी जाणार नव्हती. व्हिटबीत तिचं कोणीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण २०१७ सालच्या जानेवारीत मी याच्या बरोबर उलट सांगितलं होतं. शिवाय ते खोटं आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो.

संपादकांनी माझ्याकडे मागितल्या होत्या निवडणुकीच्या कामातल्या गमतीजमती. त्याही सांगतो. पण ही एक मनात ठेवून बाकीच्या सांगायच्या म्हणजे पायातला काटा न काढता नाचण्यासारखं आहे.

मी या धंद्यात आलो तो विमानतळाजवळच्या एका गोदामातून. तिथे मी ट्रक कुठल्या दाराला, किती वाजता लावायचे ते बघत असे. एक गिऱ्हाईक नगरसेवकपदाला उभं राहिलं आणि म्हणालं, "जो माणूस बर्फात ट्रक वेळेवर लावतो, तो म्हाताऱ्या मतदारांनाही वेळेवर लावेल." तेव्हापासून वीसहून अधिक वर्षं मी हेच करतो आहे. उमेदवार भाषणं करतो, हात हलवतो. मी याद्या करतो, स्वयंसेवकांना गल्ल्या वाटून देतो, फोन करवून घेतो, पाट्या रोवून घेतो आणि मतदानाच्या दिवशी लोकांना गाडीत बसवून आणतो.

यात माणसं भेटतात ती अशी. एक आजोबा मतदानाला न्यायला तीन उमेदवारांच्या गाड्या बोलवायचे, सगळ्यात गरम गाडीत बसायचे आणि मत चौथ्यालाच द्यायचे. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, वर "बेटा, हीटर अच्छा था" असं प्रशस्तिपत्रकही दिलं. एका बाईंनी दार किलकिलं करून माझ्या हातातला कागद पाहिला, मग माझ्यामागचा बर्फाने भरलेला ड्राइव्हवे पाहिला आणि म्हणाल्या, "आधी शोव्हल करा, मग लोकशाही." मी फावडं घेऊन शोव्हल केलं. मत मिळालं की नाही, कोण जाणे. पाठ मात्र आठवडाभर दुखली.

पाट्यांचं काम माझं खास. घरासमोर उमेदवाराच्या नावाची पाटी लावणं सोपं वाटतं, पण हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते आणि बर्फाखाली दोन घरांमधली हद्द गडप होते. एकदा आमच्या पोरांनी पाटी चार फूट पलीकडे रोवली. ते घर होतं विरोधी उमेदवाराच्या सासूचं. तेव्हापासून प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला मी एकच मंत्र द्यायचो: "बर्फात पाटीवर विश्वास ठेवायचा नाही. नंबर वाच, दार बघ, मग बोल."

हा मंत्र लक्षात ठेवा.

आता ती निवडणूक. खरं तर ती निवडणुकीच्या आधीची निवडणूक होती. इथे पक्षाचा उमेदवार कोण हे वरून ठरत नाही, निदान ठरू नये असा संकेत आहे. त्या मतदारसंघातले पक्षाचे सभासद एका संध्याकाळी हॉलमध्ये जमतात आणि मत देतात. मतपत्रिकेवर एकच फुली नसते. पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे क्रम लिहायचे. सगळ्यात कमी मतं ज्याला, तो बाद होतो आणि त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला जातात. असं एकेक गळत शेवटी एक उरतो. म्हणजे जिंकायला नुसते आपले लोक पुरत नाहीत. दुसऱ्याच्या लोकांनाही तुम्ही निदान दुसऱ्या क्रमांकाइतके आवडावे लागता. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांशी जितकं गोड वागायचं, तितकं इथे प्रतिस्पर्ध्यांच्या माणसांशी वागायचं असतं.

आमच्या इथे एका जागेला सहा इच्छुक होते. मी ज्याच्यासाठी काम करत होतो तो टोनी, पोर्तुगीज घरातला निवृत्त मुख्याध्यापक. ट्रकच्या धंद्यातला बलविंदर. घरं विकणारी पोलिश क्रिस्टिना. औषधांच्या दुकानाचे इक्बालसाहेब. एक तरुण वकील, ज्याला त्याच्या आईशिवाय कोणी ओळखत नव्हतं. आणि आपली मीनल चौबळ, फिजिओथेरपिस्ट, इथल्या मराठी मंडळाची माजी चिटणीस.

मीनल उभी राहायच्या दोन महिने आधीच मी टोनीला शब्द दिला होता. पण हे मराठी माणसाला समजावणं सोपं नव्हतं. ग्रोसरीच्या दुकानात, मुलांच्या स्विमिंगला, जिथे जावं तिथे टोमणे. "काय सुहासराव, घरची पुरणपोळी सोडून पोर्तुगीज टार्ट का?" मी हसायचो. मीनल स्वतः मात्र म्हणाली होती, "सुहासदादा, तुम्ही आधी शब्द दिला होतात. तो मोडून माझ्याकडे आला असतात तर मला भीती वाटली असती."

पहिल्या दोन आठवड्यांतच चिखलफेक सुरू झाली. बलविंदरच्या बायकोबद्दल कोणीतरी काहीतरी टाकलं, क्रिस्टिनाच्या जुन्या घटस्फोटाचे कागद फिरले. मला वाटलं, हे थांबवायला हवं, आणि खरंच मनापासून वाटलं. मी बसून एक शपथपत्र लिहिलं. कलमं पाच. चौथं कलम माझ्या विशेष अभिमानाचं: "आमच्याकडून कोणाविषयी चुकीची गोष्ट पसरली, तर ती कळल्यापासून चोवीस तासांत आम्ही स्वतः ती दुरुस्त करू."

लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत सहाही जण सह्या करायला आले. संक्रांत जवळ होती म्हणून अनघाने, माझ्या बायकोने, तिळगुळाच्या वड्यांचा डबा दिला होता. मी समजावलं, आमच्याकडे या दिवसांत हे देतात आणि सांगतात, गोड बोला.

बलविंदर वडी उलटीपालटी करून म्हणाला, "ओ जी, ये तो हमारी लोहड़ी वाली गजक का मोटा भाई है." मग चौथं कलम वाचून ओरडला, "चौबीस घंटे में? भाईसाहब, इलेक्शन में नहाने का टाइम नहीं मिलता!"

"तो बिना नहाए सच बोल देना," मीनल म्हणाली.

क्रिस्टिनाने वडी दाताखाली घेतली आणि कट्कन आवाज आला. तिची दाताची कॅप निघाली होती. गालावर हात ठेवून तिने सही केली आणि म्हणाली की या मोहिमेतला तिच्यावरचा सगळ्यात जोरदार हल्ला हाच. इक्बालसाहेबांना मधुमेह. त्यांनी वडी रुमालात बांधून खिशात ठेवली. "बेगम के लिए," म्हणाले. सगळे हसत बाहेर पडले. टोनीने माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या रात्री मला इतकी छान झोप लागली की आता आठवलं तरी लाज वाटते.

पुढच्या शनिवारी मंडळाची संक्रांत होती, शाळेच्या हॉलमध्ये. मतदान दहा दिवसांवर. पक्षाचे नवे सभासद नोंदवायची मुदत संपली होती, आता फक्त पसंतीक्रमांची ओढाताण उरली होती. आणि मंडळात पसंतीक्रम म्हणजे नलूमावशी.

नलूमावशी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलं-सुना कामावर गेल्या की हिवाळ्यात घरोघर म्हातारी माणसं एकटी असतात. मावशी रोज सकाळी नऊपासून अशा चाळीसेक घरी फोन करायच्या. गोळी घेतलीस का, बर्फ वितळायला पायरीवर मीठ टाकलं का, काल पडलीस तो गुडघा कसा आहे. नाव, गाव, दुखणं सगळं तोंडपाठ. या माणसांपैकी बरेच जण मीनलच्या आणि माझ्याही सांगण्यावरून पक्षाचे सभासद झाले होते आणि मत कोणाला द्यायचं हे मावशींना विचारत होते.

खिचडीच्या रांगेत त्या माझ्यापुढे होत्या. मागे वळून म्हणाल्या, "सुहास, माझं ठरलंय हो. पहिला नंबर मीनलला. दुसरा तुझ्या त्या मास्तरला. चालेल ना?"

चालेल? याहून चांगलं काय हवं होतं? मीनल बाद झाली असती तर ती सगळी मतं आयती टोनीकडे आली असती. पण मला पहिला नंबरही हवासा वाटला, आणि आदल्या दिवशी मीनलच्या गल्लीतून जाताना मी एक पाटी पाहिली होती. तिचं घर म्हणजे जुळं घर, मधली भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, समोरचं अंगण एकच दिसणारं. गुडघाभर बर्फात विक्रीची पाटी उभी होती. पाहून मला थोडं आश्चर्य वाटलं, आणि आता कबूल करतो, थोडा आनंदही झाला.

मी हातातली थर्माकोलची ताटली सावरत आवाज खाली आणला. "मीनल चांगलीच आहे हो मावशी. पण घरासमोर विक्रीची पाटी लागलीय. व्हिटबीला चाललीय म्हणतात. मग इथलं काम कोण बघणार? अर्थात, माझं नाव नको."

व्हिटबी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. नुसतं "घर विकतेय" जरा उघडं वाटलं, म्हणून तोंडाने आपोआप एक गाव जोडलं. "म्हणतात" हेही खोटंच. कोणीच म्हणत नव्हतं.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "मला बोलली नाही ती." आणि मग, माझ्या हातावर तिळगूळ ठेवत, "असो. गोड बोल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी त्याच गल्लीतून गेलो. पाटीला फुगे बांधले होते. लोक घर बघायला येत होते आणि ते सगळे शेजारच्या दारातून आत जात होते. मी गाडी हळू केली. पाटीखाली छोट्या फळीवर घराचा नंबर होता, शेजारच्यांचा. मीनल आपल्या ड्राइव्हवेवर फावडं घेऊन उभी होती. मला पाहून तिने हात हलवला. मीही हलवला.

नंबर वाच, दार बघ, मग बोल. वर्षानुवर्षं हे दुसऱ्यांना सांगणाऱ्या माणसाने काहीच वाचलं नव्हतं, काहीच पाहिलं नव्हतं आणि आधी बोलून मोकळा झाला होता.

चोवीस तासांचं घड्याळ त्या क्षणी सुरू झालं. मावशींना एक फोन करायचा होता, दोन मिनिटांचं काम. सोमवारी सकाळी नऊला मी फोन हातात घेतला. मग वाटलं, मावशींनी कदाचित कोणाला सांगितलंही नसेल, उगाच कशाला विषय काढा. दहाला वाटलं, सांगितलं असेल तर आता उशीर झाला. आणि या दोहोंच्या मधल्या तासात, खोटं कशाला बोलू, मी बोटांवर मोजत होतो की यातून टोनीची किती मतं वाढतील. दुपार झाली. मी फोन खिशात ठेवला.

मतदानाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. पहिल्या फेरीत वकील बाद झाला, त्याच्या आईने डोळे पुसले. मग क्रिस्टिना. मग बलविंदर. उरले तिघे: टोनी, मीनल, इक्बालसाहेब. आमचा हिशेब होता की इक्बालसाहेब आता जातील. गेली मीनल. अकरा मतांनी.

मी टोनीकडे पाहिलं. टोनीने अंगठा वर केला. मग शेवटचा निकाल लागला आणि इक्बालसाहेब जिंकले.

कसं झालं ते मला बाहेर कोट घालताना कळलं. आमच्या मंडळातल्या जोगळेकर आजी सुनेला सांगत होत्या, "मीनल व्हिटबीला चाललीये ना, म्हणून आम्ही सगळ्यांनी इक्बालभाईंना पहिला नंबर दिला. बर्फातून औषध घेऊन स्वतः येतो गं तो माणूस." मी मीनलची मतं फोडली होती, पण ती टोनीच्या पदरात पडलीच नाहीत. मास्तर त्यांच्या यादीत जिथे होते तिथेच, दुसऱ्या क्रमांकावर राहिले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तर भांडणही नव्हतं, एकट्या माझीच हुशारी होती.

गाडीत टोनीने बेल्ट लावला. मग म्हणाला, "हरलो तरी आपण स्वच्छ लढलो, सुहास. ते तुझ्यामुळे."

एवढ्यावर थांबला असता तर ठीक. त्याने त्या शपथपत्राला फ्रेम करून मला भेट दिली. अनघाने ती बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी लावली. फर्नेसचा फिल्टर बदलायला वाकलं की चौथं कलम बरोबर डोळ्यांसमोर यायचं. त्या वर्षी मी फिल्टर वेळेवर बदलले नाहीत. घरात सगळे शिंकत होते.

मला वाटलं होतं, निवडणूक संपली की पाटीची गोष्टही संपेल. तसं झालं नाही. उन्हाळ्यात माझा उजवा खांदा धरला. वीस वर्षं हातोड्याने खांब ठोकल्याचं फळ. हात वर जाईना.

"मीनलकडे जा," अनघा म्हणाली.

"दुसरं कोणी नाही का?"

"का? ती काय चावते? इन्शुरन्समध्ये बसतं. मी अपॉइंटमेंट घेतलीय."

फिजिओच्या टेबलावर पालथं झोपतात आणि तोंड एका भोकात घालतात. खालची फरशी आणि समोरच्याचे बूट एवढंच दिसतं. मीनलचे निळे बूट माझ्या डोक्याशी फिरत होते आणि ती बोलत होती.

"तुम्हाला गंमत सांगू, दादा? अजून मला लोक विचारतात, व्हिटबीला कधी जाताय? सहा महिने झाले! कोणा शहाण्याने उठवलं कोण जाणे. सुरुवातीला मी हसले. पण माझे निम्मे पेशंट म्हातारे. डॉक्टरीण चाललीच आहे तर नवीन शोधून ठेवू, म्हणून एकेक करून दुसरीकडे गेले. रिसेप्शनवरच्या मुलीचे दोन दिवस कमी करावे लागले. आमचा ओम एक दिवस शाळेतून आला आणि म्हणाला, आई, आर वी मूव्हिंग? त्याच्या मित्राने त्याला टीममधून काढून दुसऱ्याला घेतलं होतं."

मी फरशीकडे बघत "अच्छा" म्हणालो.

नलूमावशी कधीही कोणाचं नाव सांगत नसत. माझं नाव नको म्हटलं होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे पाळलं. त्यांच्या सचोटीच्या आडोशाला मी सहा महिने लपून बसलो होतो.

पाच वेळा मी त्या टेबलावर झोपलो आणि पाच वेळा आज सांगायचं असं ठरवून गेलो. खांदा सुधारत होता, मी नाही. सहाव्या वेळेला मीनल म्हणाली, "दादा, तुमचा खांदा आता सुटायला हवा होता. काहीतरी घट्ट धरून ठेवताय तुम्ही."

मी भोकातूनच बोललो. "मीनल, व्हिटबीचं मी सांगितलं."

तिचा अंगठा माझ्या पाठीवर थांबला. निळे बूटही थांबले. मी सगळं सांगितलं, पाटी, फुगे, रविवार, सोमवारची सकाळ. मग तिने अंगठा पुन्हा दाबायला सुरुवात केली, पूर्वीपेक्षा बऱ्याच जोरात.

"दुखतंय?"

"हो."

"दुखू दे."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी हात केला होता तुम्हाला. फावडं घेऊन. तुम्हीपण केलात."

"हो."

"अकरा मतांचं मला काही नाही, दादा. ती कदाचित तशीही गेली असती. पण त्या रविवारी गाडी थांबवून काच खाली केली असतीत ना, तर मी तुम्हाला चहा पाजला असता."

मी उठून बसलो. "मला माफ कर."

"मला काय सांगताय?" तिने टॉवेल घडी करत म्हटलं. "मला माहीतच आहे माझं घर विकायला नाही ते. ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा. संक्रांतीला, माइकवर. आणि जेवणाच्या आधी. जेवणानंतर कोणी ऐकत नाही."

मावशींना मात्र मी त्याआधी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी हातातली फोनची वही मिटली. "म्हणजे मी चाळीस घरी खोटं सांगितलं," म्हणाल्या. "गोळ्या घेतल्या का विचारायचे आणि पुढे हे. माझ्या तोंडून वदवलंस रे." मीनलला झालेलं नुकसान मला कळत होतं. हे दुसरं नुकसान त्या दिवशी कळलं. चहा त्यांनी दिला, पण बिस्किटांचा डबा उघडला नाही.

टोनीला फोनवर सांगितलं. मुख्याध्यापकच तो. त्याने एवढंच विचारलं, "ते कलम कोणी लिहिलं होतं?" मी म्हणालो, मी. "मग तुला काय करायचं ते माहीत आहे," म्हणाला आणि संक्रांतीच्या दिवशी टाय लावून हॉलमध्ये हजर झाला. एक शब्द मराठी न समजता दुसऱ्या रांगेत बसला.

तोच शाळेचा हॉल, तोच खिचडीचा वास. गेल्या वर्षीइतकाच बर्फ. मीनल भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती, ओम तिच्या शेजारी. पहिल्या रांगेत नलूमावशी शाल घेऊन बसल्या होत्या. अध्यक्षांनी "सुहासरावांना दोन शब्द बोलायचे आहेत" म्हटल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "परत उमेदवार आणला का काय!" लोक हसले. मी माइक हातात घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांना भाषणाला उभं केलं, स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो.

मी म्हणालो, "मीनलचं घर विकायला नव्हतं. पाटी शेजाऱ्यांची होती. ती व्हिटबीला चाललीय हे मी सांगितलं, मनचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला खरं कळलं, आणि मी वर्षभर गप्प राहिलो. मावशींची यात काही चूक नाही. मीनल, मला माफ कर. ओम, तूही."

नलूमावशींनी कानामागे हात धरला.

"मोठ्याने बोल, सुहास," त्या म्हणाल्या. "मागे ऐकू जात नाही."

मग मी माइक तोंडाजवळ घेतला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणालो.